संरक्षण आदेश: अर्जातली मोघम वाक्यं आणि पोलीस ठाण्याची पोच

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम १८ खाली मिळणारा संरक्षण आदेश, म्हणजे त्रास देणाऱ्याला रोखणारा मॅजिस्ट्रेटचा हुकूम, मोडला, तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्क म्हणून मिळत नाही). एवढी धार असलेला आदेश वाया जातो तो अर्जातल्या मोघम वाक्यांमुळे.

‘सामनेवाल्याने (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याने) त्रास देऊ नये’ एवढंच मागितलं, तर उद्या तो ऑफिसच्या गेटवर येऊन उभा राहील आणि पोलीस विचारतील, यात आदेश कुठे मोडला? म्हणून एकेक गोष्ट मागा. कामाच्या ठिकाणी येऊ नये. फोन, व्हॉट्सअ‍ॅप, कुणाकरवी निरोप, काही नको. आईवडिलांना धमकावू नये. जॉइंट खातं, लॉकर, स्त्रीधन यांना हात लावू नये. हे सगळं कलम १८ मध्ये बसतं.

घटनाही तशाच लिहा. ‘नेहमी मारतो’ नको. ‘१२ तारखेला रात्री साडेनऊला स्वयंपाकघरात डावा दंड पिरगळला, शेजारच्या काकू धावत आल्या’ असं हवं. मुका मार दुसऱ्या दिवशी काळानिळा दिसतो, तेव्हा पुन्हा फोटो काढा. मेसेज मूळ फोनवरून पुसू नका. एफआयआर झालेला नसला तरी अर्ज करता येतो.

धोका आत्ताच असेल तर मूळ अर्जासोबत अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, आदेशाचा अर्ज आणि नमुना ३ चं प्रतिज्ञापत्र द्याच. त्यावर कलम २३ खाली एकतर्फी, म्हणजे सामनेवाल्याला न ऐकता, आदेशही होऊ शकतो. कायदा ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न करा म्हणतो, पण तारखा लांबतात. बरेचदा नोटीसच बजावली जात नाही. सामनेवाल्याचा घरचा, ऑफिसचा असे दोन्ही पत्ते लिहा.

माहेरी आला असाल तर तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज चालतो. अर्जासाठी या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात, वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

आदेशाची प्रत मोफत मिळते, पोलीस ठाण्यालाही जाते. तरी स्वतः नेऊन द्या, शिक्क्याची पोच घ्या. तो पुन्हा दारात आला तर ११२ लावा आणि ती पोच दाखवा. नातेवाइकांच्या बैठकीत ‘मिटलं’ म्हटल्याने आदेश संपत नाही. तो बदलायचा किंवा रद्द करायचा अधिकार कोर्टाचाच.