पडद्यावर १८०.०१

वर्गात प्रोजेक्टर बसला त्या आठवड्यात मी फळ्याकडे पाठच फिरवली. दोन रविवार घालवून भूमितीच्या एका अख्ख्या प्रकरणाच्या स्लाइड केल्या. आकृत्या रंगीत, एका क्लिकला एक पायरी. इतकी वर्षं खडूची पूड अंगावर घेतल्यावर ही मला चैनच वाटली.

पहिला तास मात्र आकृतीशी झटापट करण्यातच गेला. प्रोजेक्टर ४:३ मापाचं चित्र १६:९ मध्ये ताणून दाखवत होता, त्यामुळे माझं वर्तुळ आडवं फुगलं. ‘वर्तुळाच्या सगळ्या त्रिज्या सारख्या असतात’ असं मी सांगतेय आणि पहिल्या बाकावरची मुलगी उठून पडद्याला पट्टी लावतेय. “बाई, ही मोठी आहे.” इतिहासाच्या तासाला हे खपून गेलं असतं. सेटिंग सापडेपर्यंत वीस मिनिटं गेली. मग लक्षात आलं की प्रोजेक्टरच तिरका ठेवलाय आणि आयताचा समलंब चौकोन झालाय. (तेवढं एक उदाहरण फुकटात मिळालं.) आणखी एक गोष्ट त्याच दिवशी कळली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं लॅपटॉपवर देखणी दिसतात, पण प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. काळं म्हणजे तिथे प्रकाश न पाडणं, बस. खिडक्या उघड्या असल्या की ते काळं पडद्याइतकंच फिकट दिसतं. त्या रात्री सगळ्या स्लाइड पांढऱ्या केल्या, रेषा जाड केल्या.

ही सगळी यंत्राची दुखणी, आठवड्याभरात मिटली. खरं दुखणं चाचणीत बाहेर आलं.

रेषाखंडाचा लंबदुभाजक, म्हणजे त्याला मधोमध काटकोनात छेदणारी रेषा, काढा, एवढाच प्रश्न होता. तास सुरू असताना सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. वह्या तपासायला घेतल्या तर निम्म्याहून अधिक जणांचे चाप एकमेकांना छेदतच नव्हते. कंपास निम्म्या लांबीहून जास्त उघडायचा असतो हे त्यांनी ऐकलं होतं, पाहिलं मात्र नव्हतं. फळ्यावर मी तो लाकडी कंपास धरते तेव्हा टोक कुठे टेकलं, पाय किती फाकवले, दुसऱ्या टोकाला नेताना अंतर तेच ठेवायला मी किती जपते, हे सगळं मुलांसमोर घडतं. कधी माझा हात घसरतो, पुसून परत काढावं लागतं. स्लाइडवर चाप आयताच उगवतो. क्लिकला वेळ लागत नाही, आणि मुलांना तोच वेळ हवा होता.

रागारागाने मी महिनाभर प्रोजेक्टर बंद ठेवला. तो उलट्या टोकाचा मूर्खपणा होता, हे आज कबूल करते.

विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्याने तेव्हा मला एका संशोधनाबद्दल सांगितलं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये एक निबंध छापला होता. वर्गात प्रयोग करून दाखवला आणि विद्यार्थ्यांनी तो नुसता पाहिला, तर प्रयोग न पाहिलेल्यांपेक्षा त्यांना फारसं जास्त समजत नव्हतं. पण प्रयोगाआधी ‘काय होईल?’ याचा अंदाज करायला लावला की समज स्पष्टपणे वाढत होती. त्यासाठी लागणारा जादा वेळ काही मिनिटांचाच. मला हे ऐकून जरा बोचलं. माझ्या रंगीत स्लाइड म्हणजे नुसते पाहायचे प्रयोग होते.

मग मी स्लाइड बाजूला ठेवून जिओजेब्रा उघडलं. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून २००१ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर शाळेला मोफत वापरता येतं. यातला बिंदू धरून ओढला की आकृती बदलते, पण आपण घातलेल्या अटी मोडत नाहीत. शिकायला मला चार संध्याकाळी लागल्या. कोन मोजताना बिंदूंवर कोणत्या क्रमाने टिचकी मारता यावर उत्तर ठरतं, हे न कळल्यामुळे माझा साधा लघुकोन ३१२.६५ अंशांचा दिसत होता. माप घड्याळाच्या उलट दिशेने घेतलं जातं, त्यामुळे क्रम चुकला की बाहेरचा कोन मिळतो. हे वर्गात न होता घरी झालं, हे नशीब.

नवा नियम केला: पडदा काळा, प्रश्न फळ्यावर, अंदाज वहीत पेनाने. पेन्सिलने नाही, कारण पेन्सिलचा अंदाज नंतर गुपचूप खोडला जातो. मगच पडदा उजळायचा. (स्लाइड-शो चालू असताना कीबोर्डवरचं ‘बी’ दाबलं की पडदा काळा होतो, या एका बटणाने मला जेवढी मदत केली तेवढी बाकी कुठल्याच सोयीने केली नाही.)

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज घेतली तो तास मी विसरणार नाही. शिरोबिंदू ओढत राहायचं, मी थांबले की तिन्ही कोन वहीत उतरवून बेरीज करायची. एका ठिकाणी थांबले. ४७.३५, ६१.२४, ७१.४२. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, १८०.०१ येतंय.”

मी म्हटलं, बेरीज तपास. त्याने तपासली. शेजाऱ्याने तपासली. १८०.०१च.

कारण मला ठाऊक होतं: प्रत्येक कोन दोन दशांश स्थळांपर्यंत आसन्न करून, म्हणजे जवळच्या आकड्यावर आणून, दाखवला जातो आणि या वेळी तिन्ही वरच्या बाजूला सरकले होते. पण तेव्हा गडबडले आणि घाईत दशांश स्थळंच काढून टाकली. पडद्यावर आलं ४७, ६१, ७१. बेरीज १७९. वर्ग खो-खो हसला. मग मी दुसऱ्या टोकाला गेले, पंधरा दशांश स्थळं लावली, तर तोच मुलगा म्हणाला, “पण सोळावं कुठंय?”

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मोजून ते कधीच मिळणार नव्हतं. इतकी वर्षं ‘मोजलं म्हणजे सिद्ध झालं नाही’ हे वाक्य मी पाठ केल्यासारखं सांगत आले होते आणि मुलं ते तसंच लिहून घेत होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनाच सिद्धता हवी होती.

पडदा काळा केला. त्या मुलाला फळ्याकडे बोलावलं, त्रिकोण काढायला लावला आणि वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा. व्युत्क्रम कोन (समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या दोन बाजूंचे सारखे कोन) कुठले, हे वर्ग ओरडून सांगत होता. शिरोबिंदूशी तीन कोन शेजारी शेजारी बसले, सरळ कोन झाला. त्याची समांतर रेषा उजवीकडे चांगलीच घसरली होती. पट्टी घेऊन कोणी उठलं नाही.