हातमोजे निवडताना

पत्राकामाच्या विभागासाठी हातमोजे निवडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा स्टोअरमध्ये एकच प्रकार होता: जाड चामडी मोजे, तेही सगळे दहा नंबरचे. अपघातांचं रजिस्टर चाळलं तर बऱ्याच नोंदींत एकच गोष्ट, मोजे खिशात आणि हात उघडा. बारीक स्क्रू उचलायचा म्हणून काढलेले मोजे परत कोण चढवतो?

कॅटलॉग बाजूला ठेवून आधी लोकांचे हात बघत हिंडलो. कापलेला पत्रा उचलणाऱ्याला धारदार कड आणि वर तेल, दोन्हींशी गाठ. जुळणीवाल्याला बोटांना स्पर्श कळायला हवा. पुसणीवाल्याचा हात सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवात. एक मोजा या तिघांना पुरणं शक्यच नव्हतं.

मग मोज्यांवरचे आकडे. ढालीच्या चौकटीत हातोडीचं चित्र, वर ईएन ३८८ (हातमोज्यांच्या मजबुतीचं युरोपीय मानक) आणि खाली ४एक्स४३डी असं काहीतरी. विक्रेते पहिला चार दाखवून ‘एकदम हाय लेव्हल’ म्हणतात, पण तो घर्षणाचा. तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. दुसरा कापण्याचा असतो, तिथे एक्स म्हणजे ती चाचणी केलेली नाही. हे वाटतं तितकं वाईट नाही. त्या चाचणीत गोल पातं कापडावर पुन्हा पुन्हा फिरवतात. धाग्यात काच किंवा स्टील असेल तर पातंच बोथट होतं आणि आकडा फुगतो. म्हणून मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कापण्याच्याच वेगळ्या चाचणीचं शेवटचं अक्षर आलं, ए ते एफ. त्यातल्या डीसाठी मोजा कापायला किमान १५ न्यूटन जोर लागावा लागतो, बीसाठी ५. पत्र्यासाठी मी ते अक्षर बघितलं, बाकीचं नंतर.

टोचण्याच्या आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नका. ती चाचणी साडेचार मिलिमीटर जाडीच्या सळईने होते. तारेचा बारीक तुकडा किंवा इंजेक्शनची सुई टोचण्याचा आकडा चार असलेल्या मोज्यातूनही आत जाऊ शकते.

पत्र्यासाठी डी पातळीचे, तळव्याला फोम नायट्राइलचा (एक कृत्रिम रबर) लेप असलेले विणीचे मोजे घेतले. तेलकट पकड त्यात टिकते. जुळणीला पीयू (पॉलियुरेथेन) लेपाचे पातळ, बी पातळीचे. आधी थोडेच मागवून वापरायला दिले. कुरकुर झालीच, पण ती घामाची होती, आणि मोजे हातात राहिले होते.

मापासाठी टेपने तळव्याचा घेर घेतला, अंगठा सोडून. २०३ मिलिमीटर म्हणजे आठ नंबर, २२९ म्हणजे नऊ. सैल मोज्याचं रिकामं टोक बोटाच्या पुढे लोंबतं आणि नेमकं तेच अडकतं.

सॉल्व्हंटचं प्रकरण वेगळं. तळव्यापुरता लेप असलेल्या मोज्याच्या पाठीतून द्रव सरळ आत झिरपतो. तिथे ईएन आयएसओ ३७४ या रसायनांसाठीच्या मानकाचा मोजा लागतो, तोही आपलं रसायन विचारून. नायट्राइल ॲसिटोनपुढे फार टिकत नाही, ब्युटिल रबर टिकतं.

ड्रिल आणि लेथवर हातमोजे बंद केले. फिरत्या बिटात धागा अडकला तर मोज्याबरोबर हातही ओढला जातो, आणि मोजा जितका मजबूत तितका तो फाटून सुटत नाही. यावर सर्वांत जास्त वाद झाला. चिपा, म्हणजे धातूचे कापलेले तुकडे, काढायला ब्रश आणि हुक दिले तेव्हा कुठे तो थांबला.