तुम्ही विचारलंत म्हणून: ती कॅसेट

"ती कॅसेट तुम्ही दुकानातून का काढलीत?" हा प्रश्न मला इतकी वर्षे विचारला जात आहे की, विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच तो आता ओळखू येतो. नवी पेठेतले माझे दुकान, मंडळांच्या वर्गणीची टिंगल करणारी गाणी आणि ती स्वतःच्या खर्चाने काढणारा यंत्रमागावरचा कामगार, हे सगळे सोलापुरात ठाऊकच आहे.

आधी माझी बाजू मांडतो. चित्रपटाला प्रमाणपत्र लागते, नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळापुढे जाते. कॅसेटला मात्र असे काही लागत नसे. त्यामुळे तिला आधी कोणी अडवत नाही आणि नंतर कोणीही अडवतो, तेव्हा समोर सापडतो तो विक्रेता. १९९० साली फ्लोरिडातील न्यायाधीशाने 'टू लाइव्ह क्रू' या गटाचा अल्बम अश्लील ठरवला आणि दोन दिवसांत तो विकणाऱ्या चार्ल्स फ्रीमन या दुकानदाराला अटक झाली. त्याच वर्षी ती गाणी मंचावर गाणारे निर्दोष सुटले आणि विकणारा दोषी ठरला. आपल्याकडेही १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम करताना म्हटले होते की, मजकूर अश्लील असल्याचे विक्रेत्याला माहीत होते, हे सिद्ध करण्याची गरज नाही.

हे दाखले मी नंतर शोधले, हेही सांगितले पाहिजे. माझ्या दुकानात पोलीस कधी आलेच नाहीत.

आला तो एक तरुण, गणेशोत्सवाच्या आठ दिवस आधी, अगदी नम्र. त्याने कॅसेट विकत घेतली, सुट्टे पैसे मोजून दिले आणि विचारले, "काका, हे कोण? आपल्या इथलंच का?" मी डबीतला कागद काढला, त्याची घडी उलगडली. मागे पत्ता होता, पण झेरॉक्समध्ये अक्षरे फुटली होती; त्याला ती लागेनात. मी चष्मा लावून, अंगठ्याचे नख एकेका शब्दाखाली ठेवत, अशोक चौकाजवळच्या त्या गल्लीचा पत्ता घर क्रमांकासह वाचून दाखवला. त्याला कार्यक्रमाला बोलवायचे असेल, असे मला वाटले, हे मी पुष्कळ दिवस सांगत आलो. परंतु त्याच्या शर्टाच्या खिशातून वर्गणीचे पावतीपुस्तक डोकावत होते आणि ते मला दिसले होते.

दुसऱ्या रात्री त्या घरासमोर घोळका जमला. मारहाण झाली नाही. हार्मोनियमचा भाता मात्र फाडला गेला. सकाळी दुकान उघडताच मी उरलेल्या चौतीस कॅसेटी खोक्यात भरल्या. तोपर्यंत मला त्या काढायला कोणी सांगितले नव्हते.

त्या काळात मी म्हणत असे की, स्वातंत्र्य घाणीसाठी नसते. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एका विधवेवरचे गाणे होते. ते मला तेव्हाही गलिच्छ वाटले, आजही वाटते. पण ते गाणे ऐकूनच मी कॅसेट विकायला ठेवली होती आणि चांगला खप होता तोवर त्या विधवेची मला आठवण झाली नाही. अडचण झाली ती पावतीपुस्तकाच्या गाण्याने. तरीही एखाद्या दुकानदाराने, ज्याच्या काचा रस्त्याकडे आहेत आणि ज्याची मुले त्याच रस्त्याने शाळेत जातात, दुसऱ्याच्या गाण्यासाठी किती उभे राहावे, याचे उत्तर मला विचारणाऱ्यांपैकी कोणी दिलेले नाही. मलाही ते सापडलेले नाही.

गायक दुपारी आला. त्याने खोक्यातल्या कॅसेटी मोजल्या, विकलेल्यांचा हिशोब मागितला आणि मी दिलेले पैसे घेऊन वहीत सही केली. पत्ता कोणी दिला, हे त्याने विचारले नाही. मी सांगितले नाही. आज प्रथमच लिहीत आहे.