आंब्यावरची उंटअळी

नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या अंगणातल्या आंब्याला पावसात कोवळी पालवी फुटलीय. आज तिच्यावर उंटअळी दिसली! मागच्या पायांनी देठ घट्ट धरलेला, बाकी सगळं अंग तिरकं आणि ताठ. आई म्हणाली, "वाळकी काडी आहे, तोडून टाक." फुंकर मारली तरी हलेना. बऱ्याच वेळाने चालू लागली. पुढचे पाय टेकवले, मागचे त्यांच्याजवळ ओढले, पाठीची कमान झाली, पुन्हा सरळ. बहुतेक अळ्यांना मांसल पायांच्या पाच जोड्या असतात, हिला मागच्या टोकाला दोनच. मधल्या अंगाला आधारच नाही, म्हणून ही चाल.

पतंगांच्या जिओमेट्रिडी कुळातली ही, बहुधा थॅलासोडेस वंशाची. या कुळात सुमारे २३,००० जाती आहेत. आंबा-लिचीची कोवळी पानं खाऊन ती वाढते, मग कोष आणि त्यातून पोपटी पतंग. पंखांवर पुसट पांढुरक्या रेषा, बसतो ते चारही पंख पानावर सपाट पसरून. संग्रहातल्या जुन्या नमुन्यांचा हिरवा रंग उडत जातो, त्यामुळे हा जिवंतच बघावा.

शेजारचे काका फवारणीचा पंप घेऊन आले होते. म्हटलं, काका, चार पानं खाल्ली तर झाडाचं काही जात नाही. शिंपी पक्ष्याच्या पिल्लांना याच अळ्या लागतात. ऐकलं त्यांनी, पंप परत नेला. खूप बरं वाटलं.

फोटो कमेंटमध्ये टाकलेत. नाशिकमध्ये कुणाच्या आंब्यावर दिसली तर तारीख आणि ठिकाण नक्की कळवा.