घड्याळ दहा मिनिटं पुढे

आपल्याकडे हॉलमधलं घड्याळ बरोबर वेळ दाखवत असेल तर समजायचं की काल-परवाच सेल बदललाय. नाहीतर ते पाच-दहा मिनिटं पुढेच असतं, आणि मुद्दाम लावलेलं असतं. पाहुणा दचकून उठतो, "अरे बापरे, साडेनऊ झाले?" आणि आतून कोणीतरी ओरडतं, "बसा हो, ते पुढे आहे!"

किती पुढे आहे हे मात्र विचारू नका, कारण ते घरातल्या दोघांना वेगवेगळं माहीत असतं. मी डोंबिवलीची, त्यामुळे सकाळचं सगळं गणित लोकलशी. आंघोळीहून आलं, वर बघितलं, आठ एकवीस, त्यातून दहा वजा, की बारा? दिवाळीच्या साफसफाईला काढलं होतं तेव्हा परत कोणी लावलं होतं, म्हणजे खरे आठ दहा धरू, म्हणजे आठ सव्वीसची मिळते, रिक्षाला लाइन नसेल तर, म्हणजे अजून चहा होतो. झालं! ज्या दहा मिनिटांसाठी घड्याळ पुढे केलं ती चहात गेली आणि वर ही वजाबाकीची कटकट. लपवलेले पैसे कुठे लपवलेत हे स्वतःला माहीत असलं की ते उरत नाहीत, तसंच हे.

गंमत म्हणजे अख्ख्या मुंबईचं घड्याळ एकदा असं पुढे केलं होतं. पूर्वी शहराचा स्वतःचा बॉम्बे टाइम होता, आणि रेल्वे मात्र मद्रास टाइमवर चालायची, जो त्याच्या अर्धा तास पुढे. म्हणजे स्टेशनात वेगळे वाजलेले आणि गावात वेगळे, आणि गाडी पकडणाऱ्याने डोक्यात वजाबाकी करत पळायचं, तेव्हापासून. मग १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, ती बॉम्बे टाइमच्या ३९ मिनिटं पुढे. लोक भडकले, गिरणी कामगारांनी विरोध केला, आणि महानगरपालिकेने तर पुढची कित्येक वर्षं आपला जुना टाइम सोडला नाही. आज हे हट्टीपणाचं वाटतं, पण मला त्यांचा राग कळतो. आपलं घड्याळ दुसऱ्याने पुढे केलं की कटकट आपल्या झोपेला होते, त्याच्या नाही.

टाइम मॅनेजमेंटचे व्हिडिओ मी पण बघते, बहुतेक गाडीत उभ्यानेच. पहाटे पाचला उठा, दिवसाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला रंग द्या. यातलं काही खोटं नाही, पण आपला अंदाज मुळात चुकतो त्याचं काय? कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये कॉलेजच्या मुलांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. मुलं सरासरी ३४ दिवस म्हणाली. बरं, सगळं वाईटात वाईट झालं तर? तेव्हा म्हणाली साधारण ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरूनसुद्धा कमीच पडलं! आणि आपण पोळ्या, डबा, कपडे वाळत घालणं हे सगळं "अर्ध्या तासात होतं गं" म्हणून धरतो, त्यात दारावर कुरियरवाला आला, शेजारच्या काकू लिफ्टपाशी भेटल्या, ओटीपी आला नाही, हे कुठल्याच तुकड्यात बसत नाही. दिवस जितका घट्ट भरलेला तितकी एक पाच मिनिटांची चूक पुढच्या सगळ्यांना ढकलत जाते, सेंट्रलला एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात तशीच. (ही उपमा नाहीये, हे माझं रोजचं आयुष्य आहे.)

एक गोष्ट मला खरंच लागू पडली ती म्हणजे रात्री कागदावर लिहून काढणं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ जणांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये छापून आला होता. त्यात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली. मी मोजून बघितलं नाही, पण डोक्यातलं भिरभिरणं थांबतं हे नक्की. मागच्या फोनबिलाच्या पाकिटावर लिहिलं तरी चालतं, अॅप कशाला.

पण लिहायला लागल्यावर त्या यादीकडे नीट बघितलं गेलं. चार्ट पेपर, निळा. आईंच्या बीपीच्या गोळ्या (सासूबाईंना मी आईच म्हणते). गॅस बुकिंग. मटकी भिजत घालणे. रविवारी मेगाब्लॉक, मावशींना सांगणे दुपारी निघू नका. व्हॅनवाल्या काकांचे पैसे. ऑफिसचं एकच काम आणि तेही सगळ्यात खाली. म्हणजे मी मॅनेज करत होते तो टाइम माझा नव्हताच, घरातल्या प्रत्येकाचा होता, आणि मला दमवत होतं ते करण्यापेक्षा लक्षात ठेवणं. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८. आता मिनिटं मोजायची तर पोळ्या लाटल्याची मोजता येतील. निळा चार्ट पेपर मंगळवारी लागणार हे शनिवारपासून डोक्यात धरून फिरायचं, ते किती मिनिटांचं काम धरायचं?

नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "अगं मग सांगायचंस ना, मी आणला असता." आणि खरंच आणला असता, माणूस चांगला आहे. पण सांगायचं तरी कोणी लक्षात ठेवायचं? हॉलमधलं घड्याळ पुढे कोण लावतं याची मी ऑफिसात सहज चौकशी केली, तर बहुतेक घरांत तीच व्यक्ती, जिला सगळ्यांना वेळेवर बाहेर काढायचं असतं. ती स्वतः कधीच त्या घड्याळाने फसत नाही.

म्हणून आम्ही कामं वाटून घेतली नाहीत, ती आधीपासून वाटलेलीच होती. लक्षात ठेवणं वाटून घेतलं. शाळेची व्हॅन पूर्णपणे त्याची, वेळ, पैसे, सुट्टीचे मेसेज, सगळं, आणि मी आठवण करायची नाही. व्हॅनवाल्या काकांना फोन करून सांगितलं की उद्यापासून ह्यांच्या नंबरवर कॉल करा. काका जरा थांबून म्हणाले, "ताई, पण साहेब उचलतात का?"

सुरुवातीला नाहीच उचलला. व्हॅन खाली हॉर्न मारून निघून गेली, चिरंजीव बाबाबरोबर रिक्षाने शाळेत गेले आणि बाबाची लोकल चुकली. मी गॅलरीत उभं राहून सगळं बघत होते आणि एक शब्द बोलले नाही, यापेक्षा अवघड काम मी या वर्षात केलेलं नाही. आता उचलतो. आईंच्या गोळ्या पण त्याच्याकडे गेल्यात. गॅस बुकिंग अजून माझ्याकडेच आहे, कारण सिलेंडर संपल्यावर मात्र मी गप्प बसू शकेन असं मला वाटत नाही.