सफरचंदावरचा विषाणू: तिसरा हंगाम

जुलै संपत आलाय, म्हणून यंदाची नोंद. दक्षिण जर्मनीत, बोडेनझे तलावाजवळ आमच्या परसात सफरचंदाची चार झाडं आहेत. इथली मुख्य कीड कॉडलिंग मॉथ हा पतंग. तिची अळी फळ पोखरत थेट बियांपर्यंत जाते. तीन वर्षं मी तिच्यावर फक्त ग्रॅन्युलोव्हायरस, म्हणजे या अळीला मारणारा विषाणू, फवारतोय. मधमाश्या, ढालकिडे यांना त्याचा काहीही त्रास नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर ओढणाऱ्या) पतंग दिसला की लगेच पंप उचलू नका. संध्याकाळी १५ अंशांच्या वर ऊब असेल तरच मादी अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी काही तासांत फळात शिरते. शिरताना जी साल कुरतडते, तिच्यावर विषाणू हवा, म्हणजे तो तिच्या पोटात जातो. नंतर फवारलेलं वाया.

उन्हात विषाणू मरतो. पहिल्या वर्षी पंधरा-पंधरा दिवसांनी फवारलं आणि निम्मी फळं गेली. आता एका फवारणीनंतर उन्हाचे आठ दिवस मोजतो, ढगाळ दिवस अर्धा धरतो, आणि पुढची फवारणी संध्याकाळीच करतो. बाटली फ्रीजमध्ये. गावी हरभऱ्यावर एचएएनपीव्ही, म्हणजे घाटे अळीचा विषाणू, मारताना बाबा द्रावणात नीळ का घालायचे, ते इथे येऊन कळलं: उन्हापासून विषाणू वाचवायला!

काल एक फळ कापलं. सालीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक, कडेला सुकलेला भुसा. आत जेमतेम तीन मिलिमीटरचं बीळ आणि त्यात लुळी पडलेली अळी. गाभा स्वच्छ. हरभऱ्यावर मेलेल्या अळ्या उलट्या लटकलेल्या दिसतात, इथे तसं काहीच दिसत नाही. म्हणून नवखे लोक डाग बघून औषध फुकट गेलं म्हणतात. फळ कापून बघा, मग ठरवा.

यंदा मी विषाणूचा वाण (उपप्रकार) बदललाय. १९६३ साली मेक्सिकोत सापडलेला एकच वाण वर्षानुवर्षं सगळीकडे वापरला गेला, आणि २००५ च्या सुमारास इथल्याच काही सेंद्रिय बागांतल्या अळ्या त्याला जुमानेनाशा झाल्या. ही प्रतिकारशक्ती लिंग-गुणसूत्रावर असते. मादीकडे ते गुणसूत्र एकच, त्यामुळे तिला एकच प्रत पुरते आणि न मरणाऱ्या अळ्यांची निवड झपाट्याने होते. तुमच्या बाटलीवर कुठला वाण लिहिलाय, जरूर बघा.

दुसऱ्या पिढीचे पतंग सापळ्यात यायला लागलेत. खोडांना नालीदार पुठ्ठ्याचे पट्टे बांधलेत. कोषासाठी उतरलेल्या अळ्या त्यात दडतात. सप्टेंबरात पट्टे सोडून अळ्या मोजेन.