ही कादंबरी तुमचीच कशावरून?

प्री-ऑर्डरला लावलेल्या कादंबरीची अंतिम फाइल चढवून झाली होती, ई-पुस्तकाच्या ईपब फाइलमधल्या चुका शोधणाऱ्या ईपबचेकमध्ये एकही चूक उरली नव्हती आणि प्रकाशन आठवड्याच्या आत होतं. अशा वेळी विक्रीच्या प्लॅटफॉर्मकडून मेल आला. तुमच्या पुस्तकातला मजकूर इंटरनेटवर इतरत्र मोफत आढळला आहे. तो प्रकाशित करण्याचे हक्क तुमच्याकडे असल्याचा पुरावा पाच दिवसांत पाठवा, नाहीतर पुस्तक विक्रीतून काढलं जाईल. खाली कोणाचं नाव नाही. पुरावा म्हणून काय चालेल याची उदाहरणं मात्र होती: प्रकाशकाशी झालेला करार, लेखकाने दिलेलं हक्कपत्र, आधीच्या प्रकाशकाने हक्क परत केल्याचं पत्र.

यातलं एकही कागदपत्र माझ्याकडे असणं शक्य नाही. स्वतःची पुस्तकं स्वतः काढणाऱ्याच्या बाबतीत लेखक आणि प्रकाशक ही एकच व्यक्ती असते, त्यामुळे करार करायला दुसरी बाजूच नसते. प्रस्थापित प्रकाशनसंस्थेच्या लेखकाला असा मेल आला तर संस्थेतला कोणीतरी फाइलमधून करार काढून पाठवतो आणि लेखकाला कळतही नाही. आमच्याकडे तो कागद जन्मालाच येत नाही, आणि सगळी तपासणी त्या कागदाभोवती उभी आहे.

कायद्याला हा प्रश्न पडत नाही. मूळ 1886 च्या आणि पुढे अनेकदा सुधारलेल्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार स्वामित्वहक्कासाठी नोंदणीची अट नाही. लिहिलं की हक्क तयार होतो. कराराच्या 15व्या कलमानुसार तर कृतीवर नेहमीच्या पद्धतीने ज्याचं नाव असेल, त्यालाच लेखक मानायचं, उलट सिद्ध होत नाही तोवर. माझं नाव मुखपृष्ठावर होतं, शीर्षकपानावर होतं, ईपबच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलच्या आतल्या माहितीनोंदीत होतं. पण पहिली चाळणी मजकूर जुळवणाऱ्या प्रोग्रामची असते. दोन ठिकाणी तीच वाक्यं आहेत एवढंच त्याला दिसतं. ती आधी कोणाची होती, हा प्रश्न त्याच्या कामात बसत नाही.

एरवी माझी सकाळ लेखनाची असते आणि दुपारनंतर प्रकाशनाची कामं असतात. लोकांना वाटतं दुसरा भाग म्हणजे अपलोडचं बटण दाबणं. मुद्रितशोधनाच्या दुरुस्त्या चढवणं, पाठराखण पुन्हा पुन्हा लिहिणं, शोधशब्द निवडणं, जाहिरातीचा खर्च विक्रीशी ताडून बघणं, मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढं झाल्यावर शीर्षक वाचता येतं का ते तपासणं, आणि हक्कांची कागदपत्रं सांभाळणं हे सगळं त्यातच येतं. शेवटचं काम आमच्यातले फार थोडे लोक करतात. त्या दिवशी सकाळही त्यातच गेली.

आधी चोरीचा माल शोधला. यासाठी कथेतलं गाजलेलं वाक्य कामाचं नाही, कारण वाचक ते कुठेही उद्धृत करतात. मधल्या प्रकरणातलं, एखादा दुर्मीळ शब्द असलेलं साधं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधायचं. पान लगेच सापडलं. ही कादंबरी मी सुरुवातीला क्रमशः ऑनलाइन प्रसिद्ध करत होते; पहिली काही प्रकरणं तिथून जशीच्या तशी उचलून दुसऱ्याच साइटवर, लेखकाच्या नावाशिवाय आणि भोवती जाहिराती लावून टाकली होती. मी जिथे क्रमशः प्रसिद्धी थांबवली, तिथेच त्या साइटवरची कादंबरीही थांबत होती. ‘पुढील भाग शुक्रवारी’ ही माझी ओळसुद्धा प्रत्येक प्रकरणाखाली तशीच होती.

यापेक्षाही बळकट पुरावा अक्षरांच्या आत होता आणि तो सापडल्याचा मला अभिमान आहे. ‘दुसऱ्या’ किंवा ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-कोडांच्या पद्धतीत, दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत खाली नुक्ता असलेला ऱ आणि त्याला हलंत. दुसरीत साधा र, हलंत आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ते वेगळे शब्द असतात. एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. माझा पहिला खर्डा काही फोनवर आणि काही संगणकावर लिहिलेला, त्यामुळे क्रमशः मजकुरात दोन्ही प्रकार मिसळलेले होते. पुस्तकाची मांडणी करण्याआधी मी ते सगळे शोधून एकाच प्रकारचे करून घेते, नाहीतर काही वाचनयंत्रांवर र मोडून दिसतो.

आता चोरलेल्या पानाचा मजकूर अक्षर-कोड दाखवणाऱ्या एडिटरमध्ये उघडला. तीच मिसळ, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. कोणी स्वतंत्रपणे टाइप केलं असतं तर हे जुळलं नसतं. आणि पुस्तकाच्या स्वच्छ केलेल्या फाइलमधून कॉपी केली असती तर मिसळ उरलीच नसती. म्हणजे ती प्रत क्रमशः मजकुरावरून निघाली आहे आणि पुस्तक त्याच मजकुराच्या पुढच्या दुरुस्तीतून. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक समान चुकांवरून कोणती प्रत कोणावरून उतरली ते ठरवतात. हा तोच न्याय आहे.

पण तपासणाऱ्याला मराठी येत असेल असं धरून चालता येत नाही. म्हणून भाषा न येणाऱ्यालाही दिसेल असं पान केलं: डावीकडे माझा परिच्छेद, उजवीकडे त्यांचा, अदृश्य अक्षरांच्या जागी दोन्हीकडे लाल खूण, आणि ‘पुढील भाग शुक्रवारी’ या ओळीभोवती चौकट.

मग बाकीचा पुरावा. यात एक तत्त्व पाळावं लागतं: जे फक्त माझ्या ताब्यात आहे ते कमकुवत, जे तिसऱ्याच्या ताब्यात आहे ते भक्कम. संगणकावर दिसणारी फाइलची तारीख जवळपास निरुपयोगी असते, कारण कॉपी करताना ती बदलू शकते. वर्डची डॉकएक्स फाइल मुळात झिप असते. तिचं नाव बदलून उघडली की ‘डॉकप्रॉप्स’ फोल्डरमध्ये निर्मितीची तारीख, शेवटचा बदल आणि संपादनाची एकूण मिनिटं मिळतात. कॉपी केल्याने ही नोंद बदलत नाही, पण खटपट करून बदलता येते. म्हणून खर्ड्यांची साखळी मी जोडली, भर मात्र त्यावर दिला नाही.

भर दिला दोन गोष्टींवर. एक, संपादिकेला प्रकरणं पाठवल्याचे मूळ मेल, पूर्ण हेडरसकट, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या एरवी न दिसणाऱ्या प्रवासनोंदीसकट. स्क्रीनशॉट नाही. हेडरमध्ये वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरची वेळ असते. आणि संपादिकेच्या दुरुस्त्या वर्डच्या ट्रॅक चेंजेसमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवून, परत आलेल्या, त्यात माझे नकारही नोंदलेले. ज्या संपादकांना दुरुस्त्या व्हॉइस नोटवर सांगायची सवय आहे त्यांच्याबरोबर मी काम करत नाही, त्याचं हे एक कारण. दुसरी गोष्ट, प्रत्येक भाग प्रसिद्ध झाला की त्याच दिवशी वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर ‘सेव्ह पेज नाऊ’ने जतन केलेली प्रत. तिच्या पत्त्यातच वर्षापासून सेकंदापर्यंतचा 14 आकडी वेळशिक्का असतो. चोरांचं पानही तिथेच आधी जतन केलं, कारण तक्रार पोचली की ते गायब होतं आणि मग दाखवायला काही उरत नाही.

काय जोडलं नाही तेही सांगते, कारण नेमकं तेच जोडायचा सल्ला सगळीकडून मिळतो. आयएसबीएन हा पुस्तकाचा क्रमांक हक्काचा पुरावा नाही. तो फक्त त्या आवृत्तीची ओळख पटवतो. मुखपृष्ठाच्या चित्रकाराशी केलेला करार मुखपृष्ठापुरताच आहे. आणि हस्तलिखित स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवून पाकीट न फोडता ठेवायचा जो उपाय अजूनही लेखक एकमेकांना सांगतात, तो सोडून द्यावा. उघडं, रिकामं पाकीट आधी पाठवून नंतर भरता येतं, त्यामुळे ते काहीच सिद्ध करत नाही.

सगळ्याची एकच पीडीएफ केली. पहिल्या पानावर तीन छोटे परिच्छेद: कृती माझी, पूर्वप्रसिद्धीही माझीच, दुसरी प्रत परवानगीशिवाय. खाली नाव, तारीख, सही. पुढची पानं क्रमांक घालून. तपासणाऱ्याच्या हाती वेळ किती असेल माहीत नसतं, म्हणून पहिलं पान एकटं वाचलं तरी पुरेल असं असावं लागतं.

पुस्तक वेळेवर निघालं. आलेलं उत्तर दोन ओळींचं होतं: तुमची माहिती तपासली, पुस्तक उपलब्ध राहील. अर्ध्या र वरची लाल खूण कोणी पाहिली का, मेलचे हेडर उघडले का, की पहिल्या पानावरची सही बघूनच काम झालं, हे कळायला मार्ग नाही. माझ्या डोक्यातून हे जात नाही. सहीनेच काम होत असेल तर तीच सही चोरही करू शकला असता, आणि अशा तपासणीवर माझी पुढची पुस्तकं अवलंबून आहेत.

चोरांच्या पानाविरुद्धची लढाई वेगळी आहे. अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए या स्वामित्वहक्काच्या कायद्याप्रमाणे होस्टिंग कंपनीला, म्हणजे साइट जिच्या सर्व्हरवर ठेवलेली असते तिला, नोटीस पाठवताना मूळ कृती कोणती, चोरलेल्या पानाचा नेमका पत्ता, आपला संपर्क, हा वापर परवानगीविना असल्याची सद्भावनेने दिलेली ग्वाही, माहिती खरी असल्याचं आणि कारवाईचा अधिकार असल्याचं प्रतिज्ञेवरचं निवेदन आणि सही एवढं लागतं. संपूर्ण साइटचा पत्ता दिला तर नोटीस सहज बाजूला टाकली जाते. प्रत्येक प्रकरणाचा वेगळा पत्ता द्यावा लागतो. साइट तिची पानं वाचकांपर्यंत पोचवणाऱ्या मधल्या वितरण-जाळ्यामागे लपलेली असेल तर आधी त्या जाळ्याकडून खरी होस्टिंग कंपनी विचारून घ्यायची. सोबत शोधयंत्रांकडेही अर्ज करायचा, कारण पान राहिलं तरी शोधात दिसलं नाही तर त्याचा धंदा आटतो. माझ्या प्रकरणातली बहुतेक पानं गेली, काही अजून आहेत. ‘मोफत पीडीएफ मिळाली, फार आवडली’ असं लेखकालाच प्रेमाने लिहिणारे वाचकही आहेत. त्या जाहिरातींचे पैसे कोणाला मिळतात याचा त्यांनी एकदा विचार करावा.

क्रमशः प्रसिद्धी बंद करावी का, हे अजून ठरलेलं नाही. चोरीची वाट तिथूनच फुटली. पण वेबॅकवरचे ते वेळशिक्केही तिच्यामुळेच मिळाले, आणि माझे पहिले वाचकही तिथलेच. तूर्तास एवढं सुरू केलं आहे की प्रत्येक खर्डा पुरा झाला की त्याचा शा-256 हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा ठसा, काढायचा आणि तो 64 अक्षरांचा आकडा संपादिकेला मेल करायचा. खर्ड्यात एक स्वल्पविराम बदलला तरी तो आकडा जुळत नाही, आणि मजकूर उघड न करता तारीख तिसऱ्याकडे नोंदली जाते. नव्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्याचा आकडा तिच्याकडे गेला आहे.